काचेच्या पेटीतले झिंगे

श्रावणात बोरी नदीला पाणी आले की नळदुर्गच्या किल्ल्यावर माणसांची जत्रा लोटते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. त्या बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात, ते बघायला लांबलांबचे लोक येतात. आम्हा गावच्या पोरांचे लक्ष मात्र दुसरीकडे असे. पाणी ओसरले की काठच्या गवतातून आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा दोघांनी धरून ओढायचा. त्यात नखाएवढे, काचेसारखे आरपार दिसणारे झिंगे टणाटण उड्या मारू लागत. ते तांब्यात भरून घरी न्यायचे आणि उशाशी ठेवून झोपायचे. सकाळी तांब्यात एकही जिवंत नसे. असे का होते, हे कळायला मला नातू शाळेत जाईपर्यंत थांबावे लागले.

नातवाने सोलापुरात एका दुकानात लाल झिंगे पाहिले आणि हट्ट धरला. हा लाल चेरी झिंगा मूळचा चीन आणि तैवानकडचा. लांबीला जेमतेम इंचभर. मी म्हटले, बघू तरी. मासे पाळण्यापेक्षा याला खर्च कमी, जागा कमी, आणि पोराला रोज बघायला काहीतरी राहते.

पेटी १८ इंच लांब, १० इंच रुंद आणि १० इंच उंच घेतली. आठ इंच पाणी भरले तर साधारण साडेतेवीस लिटर बसते. म्हणजे वाळू आणि काच धरून तीस किलोच्या वर वजन जाते, तेव्हा डुगडुगत्या टेबलावर ती ठेवू नये. याहून लहान बरणीत नवख्या माणसाने पडूच नये. पाणी थोडे असले की बिघाड लवकर होतो आणि सावरायला वेळ मिळत नाही. तळाशी दीड-दोन इंच नदीची वाळू, गढूळ पाणी निघणे थांबेपर्यंत धुऊन घातलेली. वर हायड्रिलाच्या चार काड्या. विहिरीतली किंवा तळ्यातली वनस्पती आणाल तर ती पांढऱ्या ताटात घेऊन काडी न काडी तपासा. चतुराच्या अळ्या तिला चिकटून येतात आणि एकेक करून झिंगे फस्त करतात. हवेच्या लहान पंपावर चालणारा स्पंजचा गाळणा घ्यावा. दुसऱ्या गाळण्यात पिल्ले ओढली जातात. वीज गेली तर काय, असे मला बऱ्याच जणांनी विचारले. झिंगे थोडे आणि वनस्पती भरपूर असतील तर दोन-चार तासांनी काही बिघडत नाही.

आता खरी गोम. पेटी भरली त्याच दिवशी झिंगे सोडायचे नाहीत. सोडले तर आठवड्यात मरतात, आणि दुकानदाराने फसवले म्हणून आपण बोंब मारतो. शेतकऱ्याला याचे कारण समजायला जड नाही. शेतात युरिया टाकला की त्याचा अमोनिया होतो, अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट. मग ते पीक उचलते. हे काम जमिनीतले जीवाणू करतात. पेटीतही हेच घडते. झिंग्याची विष्ठा आणि उरलेले अन्न यांचा अमोनिया होतो, तो आणि नायट्राइट दोन्ही झिंग्याला विष. त्यांचे नायट्रेट करणारे जीवाणू वाळूवर आणि स्पंजावर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. तोपर्यंत पेटीत रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकायचे, पंप चालू ठेवायचा आणि रिकामी पेटी बघत बसायचे. लोणचे मुरते तसे पाणी मुरले पाहिजे. अमोनिया आणि नायट्राइट तपासायच्या पट्ट्या दुकानात मिळतात. दोन्ही शून्य दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये. नातू रोज विचारायचा, "आज्जा, मुरलं का?" सहा आठवडे असे काढले.

पाण्याचे म्हणाल तर आपल्या काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी जड. भांड्याला पांढरा थर धरतो म्हणून घरोघरी कुरकुर असते, पण झिंग्याला कवचासाठी चुना लागतो, त्याला हे पाणी मानवते. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग असते. ते प्लॅस्टिकच्या बादलीत रात्रभर उघडे ठेवून मग वापरावे. प्लॅस्टिकच्याच, हे ध्यानात ठेवा. तांब्या-पितळेच्या भांड्यात पाणी ठेवून प्यायची आपली जुनी रीत आहे, पण पाण्यात उतरलेले किंचितसे तांबेही झिंग्याला सोसत नाही. लहानपणीचे माझे झिंगे पितळेच्या तांब्यात का टिकत नसत, याचा उलगडा असा झाला. अर्थात तांब्याभर पाण्यात पन्नास झिंगे कोंबल्यावर ते तसेही गुदमरलेच असते! द्राक्षबागेवर बोर्डो मारणाऱ्यांनी तर मोरचुदाचा हात पेटीजवळ नेऊ नये.

झिंगे आणले ते दहा. पिशवी पेटीत ओतायची नाही. पिशवीतले झिंगे लहान बादलीत घ्यायचे, बारीक नळीला गाठ मारून पेटीतले पाणी थेंबथेंब दोन तास त्यात पडू द्यायचे आणि मग झिंगे अलगद सोडायचे. खाणे फार थोडे. वाळलेले देशी बदामाचे एक पान पाण्यात टाकले की त्यावर जी बुळबुळीत साय धरते, ती ते दिवसभर खुडत असतात. अधूनमधून उकडलेल्या पालकाचा तुकडा द्यावा. दोन-तीन तासांत उरेल ते काढून टाकावे. आठवड्याला दोन-अडीच लिटर पाणी बदलावे, त्याहून जास्त एकदम नाही.

पंधरा दिवसांनी नातू रडत आला. "आज्जा, एक मेला बगा!" जाऊन पाहतो तो तळाशी पांढरे, पोकळ कवच आणि त्याचा मालक शेजारीच पान खुडतोय. साप कात टाकतो तसा झिंगाही वाढताना कवच टाकतो. ते काढू नये, त्यातला चुना ते परत खातात. खरोखर मेलेला झिंगा आतून दुधाळ, गुलाबीसर होतो.

मग आली ती गोष्ट, जिच्यासाठी आज मी लिहायला बसलो. ऑगस्टमध्ये थोरला सोयाबीनवर चक्रीभुंग्याचे औषध मारून घरी आला. हातपाय धुतले, म्हणजे पाण्याने खळबळले. पेटीतली हायड्रिलाची काडी उपटून वर आली होती, ती त्याने सहज हात घालून वाळूत खोचली. अर्ध्या तासात झिंगे वेड्यासारखे पेटीभर धावू लागले. मग आडवे पडून पाय झाडू लागले. जेवणवेळेपर्यंत दहाच्या दहा गेले.

झिंगा हा किड्यांचाच भाऊबंद. सायपरमेथ्रीन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रीन या जातीची औषधे किड्याच्या मज्जातंतूंवर चालतात, तशीच झिंग्यावरही. लिटरभर पाण्यात एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, एवढे औषधही त्याला पुरून उरते. माणसाचे शरीर तितके नाजूक नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण हात धुतला असे ज्याला आम्ही म्हणत होतो, त्या हाताला काय काय चिकटून होते ते पेटीने दाखवले. त्याच हाताने थोरल्याने भाकरी मोडली होती आणि धाकट्या नातीला कडेवर घेतले होते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आम्ही पेपरात वाचले होते. वाचले आणि पेपर घडी करून ठेवला. दहा झिंगे मेल्यावर मात्र घरात दोन दिवस कोणी नीट बोलले नाही. थोरला तर म्हणाला, "आबा, माझ्याच हाताचं होतं की ते."

आता फवारणीचे कपडे गोठ्याबाहेर काढायचे, ते वेगळे धुवायचे, कोपरापर्यंत साबण दोनदा, आणि मगच उंबरा ओलांडायचा. पंप विहिरीच्या काठावर विसळायची पद्धत सूनबाईने बंद पाडली. ओढ्याचे पाणी शेवटी बोरीतच जाते आणि तिथेही झिंगे आहेतच. डासांचे यंत्रही त्या खोलीतून काढले, कारण त्यातले औषध त्याच कुळातले. पेटीवर मच्छरदाणीचा तुकडा बांधला आहे. आरोग्य खात्याचे गप्पी मासे मात्र पेटीत सोडू नका. ते डासांच्या अळ्या खातात तशी झिंग्याची पिल्लेही गिळतात.

पेटी रिकामी करून, नवी वाळू आणि नवा स्पंज घालून पुन्हा सहा आठवडे थांबलो. दिवाळीनंतर दुसरे दहा आणले. माघात एका मादीच्या पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घोस दिसला. ती पायांनी त्याला सारखा वारा घालत असते. महिनाभराने दोन-दोन मिलिमीटरची पिल्ले बाहेर पडली, आईबापांची हुबेहूब छोटी प्रत. खायचा मोठा झिंगा असा घरी वाढत नाही. त्याच्या पिल्लांना सुरुवातीला खारट पाणी लागते, हे १९६०नंतर मलेशियात शाओ-वेन लिंग या शास्त्रज्ञाने शोधले तेव्हा कुठे त्याची शेती जगभर सुरू झाली.

उन्हाळ्याची काळजी वेगळी. तीस अंशांच्या वर पाणी गेले की झिंगे मलूल होतात, म्हणून पेटी मधल्या खोलीत जमिनीवर, तिन्ही बाजूंनी ओले गोणपाट आणि पाण्यावरून टेबलफॅनचा वारा. आटलेले पाणी भरायला पावसाळ्यात पन्हाळीचे धरून ठेवलेले पाणी उत्तम, पत्र्यावर औषधाचे डबे ठेवत नसाल तर. झिंगे फार झाले तर शेजाऱ्यांना द्या. हा परदेशी जीव विहिरीत किंवा बोरीत सोडू नका. तिथल्या आरपार झिंग्यांच्या खाण्यात आणि जागेत तो वाटेकरी होईल.

आमच्याकडची पिल्ले मोजायचा नातवाचा रोजचा खटाटोप चालू आहे. काल बावीस झाली होती, आज सतरा. काही पानाखाली असतील.