जळण कोठून येणार?

माघ-फाल्गुनात कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की वर्धा जिल्ह्यात शेतोशेती वाळकी पऱ्हाटी उरते. थोडी चुलीसाठी घरी येते. बरीचशी उपटून, धुऱ्यावर ढीग करून पेटवून दिली जाते. गुलाबी बोंडअळी वाळक्या बोंडांत दडून पुढचा हंगाम गाठते, त्यामुळे पऱ्हाटी शेतात फार दिवस ठेवताही येत नाही. याच जिल्ह्याच्या सेलू, कारंजा, आष्टी, आर्वी या तालुक्यांत जंगल आहे आणि जंगलालगतच्या गावांत सरपणाच्या मोळ्या अजूनही डोक्यावरून येतात. एकीकडे जळण वाया जाते आणि दुसरीकडे जळणासाठी जंगल विरळ होते.

तेव्हा अशा काडीकचऱ्यापासून ऊर्जा देणारे प्रकल्प ग्रामीण भागात उभारावेत व त्यांना सरकारने पैसा द्यावा, ही कल्पना कोणालाही पटेल. काडीकचरा, शेण, भुसा, लाकूड अशा सजीवांपासून मिळणाऱ्या पदार्थांना ‘जैवभार’ म्हणतात. केंद्र सरकारने २०२२ साली राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम जाहीर केला व त्याच्या पहिल्या टप्प्यासाठी ८५८ कोटी रुपये ठरवले. औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशाबरोबर काही टक्के जैवभारही जाळावा, असे धोरण २०२१ मध्ये आखले गेले. वर्ध्याच्या शेजारी नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांत अशी मोठी केंद्रे आहेत. म्हणजे जैवभाराची मागणी वाढणार, हे उघड आहे. सरकारी मदत मिळावी, असेच आमचे मत आहे. मात्र यंत्र किती मोठे आहे यावरून ती ठरू नये. यंत्रात पडणारे जळण कोठून आले, यावरून ठरावी.

असे का, ते एका साध्या हिशेबाने कळेल. एक युनिट वीज तयार करण्यास सुमारे सव्वा किलो सुका जैवभार लागतो असे धरू. एक मेगावॉटचा प्रकल्प तासाला १,००० युनिट वीज देतो. त्यासाठी १,२५० किलो जळण हवे. वर्षातून ७,००० तास तो चालला, तर ८,७५० टन जळण लागेल. एका हेक्टरमधून अडीच टन पऱ्हाटी मिळते असे धरले, तर ही ३,५०० हेक्टरांवरची सगळी पऱ्हाटी झाली. प्रकल्प दहा मेगावॉटचा असेल, तर ३५,००० हेक्टर! शिवाय पऱ्हाटी मिळते दोन-तीन महिने आणि बॉयलरला जळण लागते बाराही महिने. पऱ्हाटी वजनाला हलकी पण आकाराने अवाढव्य, म्हणून दुरून आणणे परवडत नाही. पावसाळ्यात साठा संपला, की सर्वांत जवळचे आणि सोपे जळण म्हणजे लाकूड. वजनकाट्यावर लाकडाचे वजन कळते. ते कोणत्या झाडाचे आणि कोठले, हे काटा सांगत नाही.

जंगलात पडलेले लाकूड निरुपयोगी असते, हा समज चुकीचा आहे. वाळवी, भुंगेरे व बुरशी ते कुजवतात. त्यातूनच मातीला सेंद्रिय द्रव्य मिळते आणि मातीची पाणी धरून ठेवण्याची शक्ती वाढते. वाळक्या खोडांतील ढोलीत पिंगळे राहतात. कोवळी रोपे तोडली गेली, तर जंगलाची पुढची पिढीच नाहीशी होते. बाहेरून येऊन फोफावलेली घाणेरी मात्र काढलीच पाहिजे व ती जाळायलाही हरकत नाही. पण प्रकल्प घाणेरीवरच पोसला गेला, तर ती संपावी असे कोणाला वाटेल? म्हणून तिच्या वापरालाही मुदत हवी.

वर्ध्याला हा विचार नवा नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीतून चाले. त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांनी निसर्गातील साधनांचे दोन प्रकार मानले होते: उपसले की संपणारा साठा आणि पुन्हा पुन्हा वाहत येणारा प्रवाह. दरवर्षी येणारी पऱ्हाटी हा प्रवाह आहे. जंगलही प्रवाहच आहे, पण वाढीपेक्षा तोड अधिक झाली की त्याचा साठा होतो.

गोबरगॅसचे उदाहरण घ्या. रोज ५० किलो शेणापासून सुमारे दोन घनमीटर गॅस मिळतो. तो चुलीतील सुमारे सात किलो लाकडाचे काम करतो. म्हणजे वर्षाला एका घरामागे अडीच टन लाकूड वाचते, आणि शेणाचे खत शेताला मिळते ते वेगळेच.

पैसा कसा वाया जातो, याचाही अनुभव देशाला आहे. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ ते २००२ पर्यंत चालला. तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. त्यांपैकी पुष्कळ पुढे वापरात राहिल्या नाहीत. किती चुली बसवल्या हे मोजले गेले. किती पेटतात, याकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

म्हणून सरकारी मदतीला तीन अटी असाव्यात. पऱ्हाटी व तुराट्या गोळा करणे, त्यांचे तुकडे करणे आणि त्या कोरड्या जागी साठवणे, यासाठी पैसा आधी मिळावा व त्यातला रास्त वाटा शेतकऱ्याच्या हाती पडावा. शेतातला सगळा काडीकचरा उचलू नये, कारण जमिनीलाही सेंद्रिय द्रव्य हवे. उरलेली राखही शेतात परत जावी. आणि प्रकल्पाच्या जळणाची नोंदवही ग्रामसभेपुढे दरवर्षी वाचली जावी.

विद्यार्थी मित्रांनो, शिक्षकांच्या मदतीने आपल्या गावात एक पाहणी करा. गोबरगॅसची किती संयंत्रे बांधली गेली, त्यांपैकी आज किती चालू आहेत, आणि बंद असलेली कशामुळे बंद पडली, हे लिहून काढा. ते आकडे ग्रामसभेत मांडा. नव्या प्रकल्पासाठी पैसा मागण्यापूर्वी गावाला ते माहीत असायलाच हवेत.