नवी भाषा आणि स्वाध्यायाचे पाच प्रकार



दहावीनंतर आपल्या बीड, आष्टी, कडा भागांतील अनेक मुले-मुली अकरावीसाठी पुण्याकडे जातात. तेथील काही महाविद्यालयांत दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेता येते. ‘गुण चांगले मिळतात’ एवढ्या ऐकीव माहितीवर ती घेतली जाते आणि पहिल्या चाचणीतच धीर खचतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला तर आपण सर्वांच्या मागे आहोत असे वाटू लागते. वस्तुतः त्याच्याजवळ मोठे भांडवल असते: त्याची मराठी आणि पाठशाळेत लागलेली पाठांतराची सवय.

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांचा मूळ विषय धर्म. तथापि ही रीत कोणत्याही विद्येला उपयोगी पडते.

वाचना: धडा आधी शिक्षकांकडून किंवा ध्वनिमुद्रणातून ऐकावा, मग वाचावा. फ्रेंच शब्दातील अखेरचे व्यंजन पुष्कळदा उच्चारले जात नाही. इंग्रजीच्या सवयीने वाचल्यास चुकीचा उच्चार पक्का होतो.

पृच्छना: शंका त्याच दिवशी विचारावी, विशेषतः नामाच्या लिंगाविषयी. फ्रेंचमध्ये पुल्लिंग व स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत. वहीत नुसते ‘लीव्र’ म्हणजे पुस्तक असे न लिहिता ‘ल लीव्र’ लिहावे. टेबलासाठी ‘ला ताब्ल’. उपपदासह पाठ केलेला शब्द लिंगही लक्षात ठेवतो.

अनुप्रेक्षा: शिकलेले मराठीशी ताडून पाहावे. आपले मोठा-मोठी, तसे त्यांचे ग्रां-ग्रांद. ‘तू’ आणि ‘आपण’ यांतील भेद ‘त्यू’ आणि ‘वू’ यांत आहे. ऐंशीला फ्रेंच माणूस ‘चार वीस’ म्हणतो. आपल्याकडील जुनी माणसेही विसांनीच मोजत. इंग्रजीच्या वाटेने जाणाऱ्याला हे परके वाटते, आपल्याला ते घरचे आहे.

आम्नाय: म्हणजे शुद्ध उच्चारासह पुनःपुन्हा म्हणणे. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे क्रियापदांची रूपे मोठ्याने म्हणावीत. आवर्ती ठेवीप्रमाणे येथेही हप्ता चुकवू नये.

धर्मोपदेश: शिकलेला धडा धाकट्या भावंडाला किंवा आजीला मराठीत समजावून सांगावा. जे सांगता येत नाही, ते अजून समजलेले नाही.

पालकांना एक विनंती. फ्रेंच निवडली की बहुधा मराठीचा विषय सुटतो. अशा वेळी घरातील मराठी वाचन सुटू देऊ नये. मराठीच्या जडणघडणीचा शास्त्रीय अभ्यास ज्यूल ब्लॉक या फ्रेंच विद्वानाने शतकापूर्वी फ्रेंचमध्ये मांडला. जैनविषयक ग्रंथांची सूची आर्मां गेरिनो यांनी १९०६ मध्ये पॅरिसहून फ्रेंचमध्येच प्रसिद्ध केली. आपली भाषा न सोडता त्यांनी आपल्याला जाणून घेतले. आपल्या मुलांनीही मराठी न सोडता त्यांना जाणून घ्यावे.

जय जिनेन्द्र.