झोळी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे काय करत होतास, असं विचाराल तर खरं उत्तर असं, की झोपायला शिकत होतो. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी :)

झालं असं, की चव्वेचाळिसाव्या वर्षी मी ट्रेक बंद केले. जाहीर काही केलं नाही, हळूहळू कारणं सांगत गेलो. ऑफिस, मुलीची दहावी, गुडघा. खरं कारण गुडघा नव्हताच. चढ-उतार अजून जमत होता. जमत नव्हती ती रात्र. गुहेतल्या कातळावर नाहीतर देवळाच्या फरशीवर चटई अंथरून पडलं की तासाभरात कंबर धरायची. मग या कुशीवरून त्या कुशीवर करत पहाटेची वाट बघायची आणि दुसऱ्या दिवशी उतरताना पावलापावलाला स्वतःचाच राग यायचा. हे आमच्या ग्रुपमध्ये बोलायची सोय नव्हती. आमच्याकडे ठरलेलंच आहे, कातळावर जो झोपला नाही तो ट्रेकर कसला! त्यामुळे "कंबर दुखते" म्हणण्यापेक्षा "सुट्टी नाही" म्हणणं सोपं होतं. सहा वर्षं म्हणत राहिलो.

मग मुलीनेच एकदा ऑनलाइन एक हॅमॉक मागवून दिला. "बाबा, निदान गावच्या वाडीत तरी झोपा."

गाव गुहागरकडचं. दिवाळीत गेलो तेव्हा मोठ्या उत्साहाने दोन झाडं बघितली आणि दोऱ्या अशा करकचून ताणल्या, की हॅमॉक खाटेसारखा सपाट दिसायला लागला. कंबरेला सपाट हवं, हा माझा हिशोब. बसलो, आडवा झालो आणि दुसऱ्या मिनिटाला पलीकडच्या पाचोळ्यात होतो. पुन्हा चढलो. आता पडलो नाही, पण दोन्ही कडा खांद्यांवर अशा आवळल्या की पुरणाची करंजी झाली माझी.

आई ओटीवरून बघत होती. म्हणाली, "अरे, एवढी ताणू नकोस. झोळी आहे ती, खाट नव्हे. ताणलीस की पोर कडेला येतं."

मी अर्थातच ऐकलं नाही. हा नव्या तंत्राचा प्रकार आहे, त्यात आईला काय कळणार? रात्री दहाला झोपलो. तीनला जाग आली तेव्हा पाठ जमिनीला टेकली होती. दोऱ्या नायलॉनच्या, वजनाने रात्रभर लांबत गेल्या होत्या. सकाळी नेटवर वाचायला बसलो आणि तासाभराने कळलं, की आईने एका वाक्यात सांगितलं होतं तेच लोकांनी कोन मोजून लिहून ठेवलंय.

तो हिशोब सांगतो, कारण तो समजला की बाकीचं आपोआप समजतं. झोळीची दोरी जमिनीशी साधारण 30 अंशांचा कोन करते तेव्हा प्रत्येक बाजूच्या दोरीवर तुमच्या वजनाइतकाच ताण येतो. माझं वजन 72 किलो, म्हणजे दोन्हीकडे 72-72. दोरी ताणून कोन 10 अंशांवर आणला की प्रत्येक बाजूला 207 किलो. 5 अंश केला तर 400 च्या वर! म्हणजे मी झोळी सपाट करायला जेवढी ओढत होतो तेवढा झाडावर, दोरीवर आणि गाठीवर भार वाढवत होतो, आणि मिळत काय होतं? करंजी.

कोन मोजायला काही लागत नाही. लहान मुलं हाताची बंदूक करतात ना, तशी करायची. तर्जनी आडवी, अंगठा उभा. दोरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरकी गेली की झालं. झाडं चौदा-पंधरा फुटांवर असतील तर पट्टा साधारण डोक्याच्या उंचीला बांधायचा, म्हणजे बसल्यावर झोळी खुर्चीएवढ्या उंचीवर येते. आणखी एक युक्ती आहे. झोळीच्या दोन टोकांना जोडणारी एक बारीक, न ताणणारी दोरी वरून बांधून ठेवायची, झोळीच्या लांबीच्या 83 टक्के. माझी झोळी अकरा फुटी, तर ही दोरी नऊ फूट दीड इंच. मग झाडं जवळ असोत की लांब, झोळीचा झोल रोज तोच राहतो.

पण झोल आला म्हणजे माणूस केळ्यासारखा वाकणार, मग कंबरेचं काय? हीच माझी शंका होती. उत्तर असं, की झोळीत सरळ झोपायचंच नाही. तिरकं झोपायचं. डोकं मध्यापासून फूटभर डावीकडे, पाय फूटभर उजवीकडे, किंवा उलट. तसं केलं की कापड पाठीखाली पसरतं आणि अंग जवळजवळ सपाट होतं. पण कापड सैल असेल तरच हे जमतं. ताणलेल्या झोळीत तिरकं होता येत नाही, ती तुम्हाला परत मध्यावर ढकलते. पायाकडचं टोक डोक्यापेक्षा वीतभर उंच ठेवायचं, नाहीतर रात्रभर पायांकडे घसरत राहता. आणि गुडघे ताठ होऊन दुखत असतील तर त्याखाली एक गुंडाळलेला स्वेटर.

ज्यांनी ही गोष्ट शोधली त्यांना हे सगळं ठाऊकच होतं. 1492 मध्ये कोलंबस बहामा बेटांवर पोचला तेव्हा तिथले लोक अशा जाळ्यांमध्ये झोपत होते, आणि 'हॅमॉक' हा शब्दही त्या भागातल्या ताइनो लोकांच्या भाषेतूनच स्पॅनिशमार्फत इंग्रजीत आला. मेक्सिकोच्या युकातान भागात आजही कितीतरी घरांत लोक रोज रात्री हॅमॉकमध्येच झोपतात, आणि तेही तिरके. आपण मात्र रिसॉर्टच्या जाहिरातीत दोन माडांमधली ताणलेली झोळी बघतो आणि तसंच बांधायला जातो.

(माडांचं निघालं म्हणून सांगतो. नारळ लागलेल्या माडाखाली झोपू नका. फोटो छान येतो, पण नारळ डोक्यावर पडण्यासाठी रात्रीच निवडतो. पोफळीलाही बांधू नका, ती वाकते. आंबा, फणस, जांभूळ, हे खरे आधार. आणि बांधण्याआधी वर बघा, वाळकी फांदी दिसली तर दुसरं झाड. खोडावर लाल मुंग्यांची रांग दिसली तरीही दुसरं झाड, हे मी अनुभवाने सांगतोय.)

तर दिवाळीतच चौथ्या रात्री मला झोप लागली. सलग सहा तास. सकाळी उठलो आणि सवयीने कंबरेवर हात ठेवला. काही नव्हतं. मी आईला काही बोललो नाही, पण तिने बघितलं असणार, कारण चहा देताना ती नुसती हसली.

मग हिंमत केली आणि जानेवारीत राजमाचीला गेलो. खाली उढेवाडीत ओळखीच्या घरी विचारून त्यांच्या परसातल्या दोन झाडांना झोळी बांधली. जुनाच ग्रुप. टोमणे अपेक्षेप्रमाणे झाले. "पाळणा आणलाय का रे? अंगाई कोण म्हणणार?" मी हसून घेतलं. रात्री दोन वाजता मात्र हसू गेलं. अंगावर चांगलं पांघरूण असून पाठ बर्फासारखी गार. झोळीचं हे मोठं वैगुण्य आहे. खालून वारा वाहतो, आणि तुम्ही ज्या पांघरुणावर झोपता ते वजनाने चेपून त्यातली हवा निघून जाते. ऊब हवेची असते, कापडाची नव्हे. उरलेली रात्र शेकोटीच्या राखेशेजारी काढली, आणि सकाळी टोमण्यांची दुसरी फेरी.

उपाय म्हणजे पांघरूण झोळीच्या आत नाही, बाहेरून खाली टांगायचं. चेपत नाही, त्यामुळे हवा आत राहते. त्यासाठी पिसांची खास दुलई मिळते, पण तिची किंमत वाचून मी संगणक बंद केला. घरी आजीच्या हातची गोधडी होती. चार कोपऱ्यांना नाडे शिवले आणि झोळीच्या पोटाला लागेल अशी, मधे फट न ठेवता, खालून बांधली. पिसांच्या दुलईपेक्षा कितीतरी जड आहे, पाठीवर जाणवते. पण फेब्रुवारीत त्याच परसात, त्याच झाडांखाली मी सकाळी साडेसहापर्यंत झोपलो. चहाला उठवावं लागलं.

आता मताचं बोलतो. त्या ग्रुपमधल्या एका मित्राने मला परतीच्या वाटेवर विचारलं, "पण मग यात ट्रेक कुठे उरला? सुखच हवं तर घरी काय वाईट होतं?" प्रश्न थट्टेचा नव्हता, म्हणून मला लागला. मी बरेच दिवस त्यावर विचार केला.

मला वाटतं, आपण सोसण्याला फार मान देतो. डोंगर चढताना होणारे कष्ट वेगळे, त्यातून काहीतरी मिळतं. पण रात्रभर तळमळण्यातून काय मिळतं? मला त्यातून मिळाली ती सहा वर्षांची गैरहजेरी. आणि मी एकटाच नसणार. पन्नाशीच्या आसपास ट्रेक सोडलेली कितीतरी माणसं मला माहीत आहेत. त्यांतल्या किती जणांचे गुडघे खरंच गेलेत आणि किती जण माझ्यासारखे रात्रीला घाबरून घरी बसलेत, हे आता विचारावंसं वाटतं. "मला नीट झोप लागत नाही" हे वाक्य आपल्याला लाजिरवाणं वाटतं, म्हणून आपण आवडती गोष्टच सोडून देतो. मला तरी हा व्यवहार मूर्खपणाचा वाटतो.

दुसरं, सुख म्हटलं की आपल्याला खर्च आठवतो. माझ्या बाबतीत फरक पडला तो कोनाने, तिरकं झोपण्याने आणि एका जुन्या गोधडीने. नवी विकत घेतलेली गोष्ट एकच, दीड इंच रुंद पॉलिएस्टरचे पट्टे. ते लांबत नाहीत, आणि बारीक दोरीसारखे झाडाच्या सालीत रुतत नाहीत. सालीच्या लगेच आत झाडाचा जिवंत थर असतो. आपल्या झोपेपायी तो कापू नये, एवढं तर आपण झाडाचं देणं लागतो.

झोळी म्हणजे सगळ्यावरचा उपाय, असं मात्र मी म्हणणार नाही. सह्याद्रीतल्या बहुतेक किल्ल्यांच्या माथ्यावर धड दोन झाडं नाहीत, आणि गडाच्या चिऱ्यांना किंवा देवळाच्या खांबांना दोरी बांधणं हा गुन्हा समजावा. तिथे मी अजूनही खाली वाडीत झोपतो आणि पहाटे चढतो. पोटावर झोपणाऱ्यांना झोळी जमणार नाही. पावसाळ्यात, वादळवाऱ्यात झाडाखाली झोपूच नये. आणि मध्यरात्री लघवीला उठणं ही एक वेगळी कसरत आहे, तिच्यावर स्वतंत्र लेख होईल. ज्याला कातळावर झोप लागते त्याने खुशाल कातळावर झोपावं. माझं म्हणणं एवढंच, की ज्याला लागत नाही त्याने घरी बसू नये.

झुलण्याने झोप लवकर लागते हे जिनिव्हातल्या संशोधकांनी 2011 मध्ये बारा जणांना डुलत्या पलंगावर दुपारची झोप घ्यायला लावून दाखवलं. बारा जण म्हणजे फार नव्हेत. आईने पाच पोरं आणि चार नातवंडं झोळीत निजवली, तिचा नमुना फारसा लहान नाही.

गेल्या मे महिन्यात वाडीत झोळी बांधत होतो, तर आई काठी टेकत आली. वय एकोणऐंशी. म्हणाली, "मला बसव बघू." मला भीती वाटली, पण तिने ऐकलं नाही. दोन्ही हातांनी धरून बसवलं, पाय उचलून वर घेतले, तिरकं केलं. म्हटलं, "आई, कशी आहे?" तर म्हणाली, "बांधायचे तेव्हा वाटायचं, ही पोरं एवढी गप कशी होतात. स्वतः कधी निजून बघितलंच नाही." आणि मग ती खरोखरच झोपली. वीस मिनिटं मी कडेला धरून उभा होतो. उतरवताना दोन माणसं लागली, आणि तिने वर सांगितलं की पायाकडची बाजू अजून चार बोटं वर घे.

घेतली. बरोबर होतं तिचं.

असो. फार लांबलं. यंदा मे महिन्यात गावी येणाऱ्या सगळ्या भावंडांना सूचना, फणसाची आणि आंब्याची जोडी माझी आहे, तुमची झाडं तुम्ही शोधा. मामी, तुझ्याकडे जुनी गोधडी असेल तर टाकू नकोस, मी येऊन घेऊन जाईन. आणि वाचकांपैकी कोणी असंच कंबरेपायी डोंगर सोडून बसलं असेल तर जरूर कळवा. पट्टे माझ्याकडे दोन जोड आहेत.