हौस आणि उधारी

आमच्या चिंगीला मी थंडीत स्वेटर घालतो, यावरून शाळेत माझी यथेच्छ टवाळी होते. ‘मास्तर, कुत्र्याचे हे चोचले कशाला?’

चोचले? चिंगी इटालियन ग्रेहाउंड. वजन जेमतेम साडेचार किलो, कातडीखाली चरबी नाही, केस अगदी आखूड, पुढचे पाय काटकीसारखे. गेल्या वर्षी पलंगावरून गुळगुळीत फरशीवर उडी मारताच तिचा पाय मोडला. दोष तिचा नव्हे. फरशीवर सतरंजी न घालणाऱ्या माझा. हे नाजूक रूप माणसानेच आपल्या हौसेखातर पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवले. मग ऊब कोणी द्यायची?

प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने आपल्या अशाच कुत्र्यांशेजारी मला पुरा, असे लिहून ठेवले होते. १७८६ साली तो वारला. वारसाने त्याला चर्चमध्ये पुरले. राजाची इच्छा पुरी व्हायला १९९१ साल उजाडले! कुत्र्यावरच्या मायेची लाज राजाला नव्हती, मागे राहिलेल्यांना होती.

ज्यांना स्वेटर आणि सतरंजी जड वाटते, त्यांनी ही जात घरी आणूच नये. मुक्या जिवाच्या हाडांवर हौस उधारीने करता येत नाही.