दावं कोण कापणार?

शेतकरी बंधूंनो, गोठ्याला आग लागली तर तुम्ही आधी काय करता? घागर शोधत बसत नाही. विळा घेऊन आत शिरता आणि जनावरांची दावी कापता. गोठा पुन्हा उभा राहतो, गेलेला बैल परत येत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग पोटचं पोर शहरात, विद्यापीठाच्या वसतिगृहात ठेवताना हे शहाणपण कुठं जातं?

प्रवेशाच्या दिवसांत आपण गादी आणि ट्रंक घेऊन तिथं जातो. फी विचारतो, मेसचं जेवण विचारतो. रात्री दोन वाजता आग लागली तर पोरानं बाहेर कुठून यायचं, हे मात्र कुणी विचारत नाही.

हरियाणातल्या डबवालीत २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या कार्यक्रमात मंडप पेटला. बाहेर पडायची वाट अपुरी. चारशेहून अधिक माणसं गेली, त्यांत लेकरंच जास्त. २४ मे २०१९ रोजी सुरतेत वरच्या मजल्यावरच्या शिकवणी वर्गातल्या मुलांना जिन्यानं खाली येता आलं नाही. काहींनी वरून उड्या टाकल्या. २२ जीव गेले. दोन्हीकडं मुलांना वेळेवर वाट मिळाली नाही. अशा आगीत ज्वाळेआधी बहुधा धूरच माणसाला गाठतो, आणि हाताशी असतात ती मोजकी मिनिटं.

आता थोडं कडू बोलतो. मुलींच्या वसतिगृहाला रात्री बाहेरून कुलूप हवं, हा आग्रह बऱ्याचदा आपणच धरतो. काळजी खोटी नाही. पण किल्ली रेक्टरच्या घरी आणि खिडक्यांना पक्के गज, म्हणजे दावं बांधलेलंच की! बाहेरच्याला आत येता येऊ नये, पण आतल्याला किल्लीशिवाय बाहेर पडता यावं, अशी कडी बसवता येते. दारावर रात्रपाळीचा पहारेकरी ठेवता येतो.

म्हणून पुढच्या खेपेला गेलात की चार गोष्टी बघा. दुसरा जिना आहे का, आणि त्यात मोडक्या खाटा तर भरल्या नाहीत ना? आग विझवायच्या नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का? आगीची घंटा वाजते का? बाहेर पडायचा सराव वर्षात कधी झाला, आणि मैदानात हजेरी कोण घेतं? पोराला सांगून ठेवा: धूर दिसला की लिफ्ट नाही, सामान नाही, वाकून जिना गाठायचा आणि १०१ लावायचा.

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी, तुमचंही काम आहे. साधा बाप प्राचार्यांसमोर बोलायला बिचकतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार, त्याखाली येणाऱ्या इमारतीच्या मालकानं दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेचा दाखला द्यायचा असतो. गावची पोरं जिथं शिकतात तिथं ग्रामपंचायतीच्या कागदावर दोन ओळी लिहून तो दाखला मागा. एका बापाला टाळता येतं, गावाला टाळणं जड जातं.

गोठ्यात आपण विळा घेऊन हजर असतो. वसतिगृहात आपण नसतो. म्हणून तिथलं दावं आग लागायच्या आधीच सोडवून ठेवायला हवं.