जाड टायर, काळी माती आणि स्टेपनी

सरळच सांगून टाकतो. आमच्या वऱ्हाडात जीप-बोलेरोला कंपनीनं दिलेल्यापेक्षा जाड टायर टाकणं ही निव्वळ हौस आहे. पुण्यात रविवारी घाटात जाऊन फोटो काढायचे असतील तर खुशाल टाका. पण हिवरखेडच्या पांदण रस्त्यावर, तेही ऐन पावसाळ्यात? जरा थांबा.

विषय निघाला चुलतभावामुळे. त्याची बोलेरो नुसती घरची गाडी नाही. रात्री-बेरात्री शेतवस्तीवर कुणाला साप चावला, कुणाचं बाळंतपण अडलं की पहिला फोन त्यालाच. मग तेल्हारा, अकोट, नाहीतर थेट अकोला. परवा म्हणाला, "दादा, मोठे टायर टाकतो. गाडी कशी भारदस्त दिसन पाय!" मी म्हटलं, आधी टायरवर काय लिहिलंय ते वाच.

लिहिलंय '२१५/७५ आर १५'. २१५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नव्हे, रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल. आणि १५ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचात! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. आपल्या टीममध्ये कुणी असा फॉरमॅट आणला असता तर कोड रिव्ह्यूत त्याची धुलाई झाली असती. असो.

आता हिशेब करू. या टायरचा पूर्ण व्यास होतो साधारण ७०३ मिमी. भावाला हवाय २३५/७५ आर १५, म्हणजे साधारण ७३३ मिमी. व्यास ३० मिमीनं वाढला, पण गाडी उचलली जाणार निम्मीच, १५ मिमी. दीड सेंटिमीटर! एवढ्यासाठी चार टायरांचे पैसे? शिवाय स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, त्याला मोठ्या टायरचा पत्ताच नसतो. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी खरी १०४ वर असेल.

बरं, चिखलात तरी फायदा? जुन्या जीपना ६.००-१६ टायर असायचे. रुंदी सहा इंच, उंची अठ्ठावीस इंचांच्या पुढेमागे. बोलेरोचा टायर उंचीला जवळपास तेवढाच, फक्त अडीच इंच रुंद. अरुंद टायर वरचा चिखल कापत खालच्या टणक थरापर्यंत जातो, म्हणून मुरमाच्या रस्त्यावर ती जीप मस्त चालायची. पण आमची भारी काळी जमीन वेगळी. तिथे खाली टणक थर लवकर लागतच नाही. त्यामुळे 'अरुंद तेच चांगलं' असंही मी म्हणणार नाही. तिथे खरा शत्रू चिकटपणा. माती टायरच्या खाचांत भरते, टायरचा गुळगुळीत गोळा होतो, मग मडगार्डच्या आत थापत जाते. आमच्याकडे बाइकवाले म्हणूनच थांबून थांबून काडीनं चिखल काढताना दिसतात. जाड टायर टाकला की चाक आणि मडगार्डमधली फट आणखी कमी होते, म्हणजे चाक अडकायला आपणच मदत केली. उपयोग होतो तो मोठ्या, उघड्या खाचांचा, ज्यातून माती फेकली जाते. आणि रुंदीच हवी असेल तर हवा कमी करा ना! ३० वरून २० वर आणली की टायर जमिनीवर जास्त पसरतो. फुकटात. फक्त हळू चालवायचं आणि डांबरी लागली की लगेच हवा भरायची, त्यासाठी पंप गाडीतच हवा.

आणि एक. फोर बाय फोर असेल तर चारही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले हवेत. नाहीतर पुढची-मागची चाकं वेगवेगळे फेरे घेतात आणि त्याचा ताण गिअरवर येतो.

आता स्टेपनी. (हे नाव वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलंय! १९०४ मध्ये तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक बाजारात आणलं. रस्ता तिकडे, नाव आपल्या पंक्चरवाल्याच्या तोंडी.) २०२० मध्ये सरकारनं नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला स्टेपनी सक्तीची नाही. शहरात ठीक आहे हो. पण वारी भैरवगडकडून येताना दगडानं टायरची भिंतच फाडली तर किट काय करणार? किट खिळ्याच्या भोकासाठी असतो.

चाक बदलायलाही काळ्या मातीचे वेगळे नियम. जॅक जमिनीत रुततो, म्हणून खाली जाड लाकडी फळी हवीच. समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावायचे. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की तो गाडी धरत नाही. नट गाडी उचलण्यापूर्वी ढिले करायचे आणि आवळताना एक सोडून एक. गाडीखाली डोकं घालायचं नाही, किती का घाई असेना.

तेव्हा भावाला मी सांगितलंय की त्या पैशातून कंपनीच्याच मापाचे, उघड्या खाचांचे टायर घे, उरलेल्यात फळी, पंप आणि बॅटरी. स्टेपनीसुद्धा त्याच मापाची, आणि तिची तारीख बघ. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. त्याच्या स्टेपनीवर १४१२ आहे.