जवसाचे तेल : पानात चालेल, कढईत नको

परवा चाकूरजवळच्या खेड्यातले एक गृहस्थ घाण्यावरून काढलेल्या जवसाच्या तेलाची बाटली घेऊन दवाखान्यात आले. "डॉक्टरसाहेब, महिनाभर तळण, फोडणी सगळं ह्याच तेलात. हृदयाला चांगलं म्हणतात. कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली," म्हणाले. त्यांच्यासारखे अनेकजण भेटतात, म्हणून हा लेख.

जवस आपल्याला नवे नाही. भाकरीसोबत चटणी आणि गळवावर जवसाचे पोटीस आपल्या आजीनेही वापरले. पण औषधी वनस्पतीचे तेल म्हणजे स्वयंपाकाचे तेल, असे नव्हे. त्याला ३ कसोट्या लावाव्यात : त्यात विषारी घटक आहे का? पोषण आहे का? तापवल्यावर ते टिकते का?

पहिली कसोटी महत्त्वाची. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. लोकांचे पाय सुजले, हृदय निकामी झाले आणि ६० हून अधिक माणसे दगावली. पिवळा धोत्राही औषधी म्हणूनच ओळखला जातो!

जवसाचे शुद्ध तेल या कसोटीला उतरते. कायद्यानेही ते खाद्यतेल आहे. पोषणातही ते उत्तम. त्याचा जवळजवळ निम्मा भाग ओमेगा-३ प्रकारच्या आम्लाचा असून ते शरीर स्वतः तयार करू शकत नाही. मात्र हेच आम्ल हवा व उष्णतेने लवकर बिघडते. तेलाची ही प्रवृत्ती आयोडीन मूल्यावरून कळते. शेंगदाणा तेलाचे मूल्य ८५ ते ९९, तर जवसाचे १७० च्या वर. हवेत लवकर सुकते म्हणूनच ते रंगात वापरतात. तेव्हा तळणाला ते नकोच.

कच्चे तेल चमचाभर चटणीवर किंवा वरणावर घ्यावे. थोडेच आणावे, गडद बाटलीत, थंड जागी ठेवावे. खवट वास आल्यास फेकून द्यावे. रंगाच्या दुकानातले अळशीचे तेल मात्र तोंडात घालू नये. त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि गोळी? कोणतेही तेल गोळीची जागा घेत नाही. त्या गृहस्थांना मी रक्त तपासायला सांगितले, गोळी पुन्हा सुरू केली आणि बाटली परत दिली. तळणासाठी नव्हे, चटणीसाठी.